आतून केबल गेलेल्या हँडलबारला टेप कोणती घ्यावी

रोड सायकलच्या वाकड्या हँडलबारवर पकडीसाठी टेप गुंडाळतात. केबल बाहेरून नेलेल्या हँडलबारवर या टेपच्या खाली ब्रेकची ५ मिमी आणि गिअरची ४ मिमी जाडीची आउटर, म्हणजे केबलचं बाहेरचं आवरण, असते. तळव्याला तिचा आधार मिळत असतो, हे ती गेल्यावरच कळतं. सगळं आतून नेलं की हातात उरते साधारण २४ मिमी व्यासाची नुसती नळी. त्यामुळे आधी २ मिमीच्या टेपवर खूश असलेल्या माणसाला तीच टेप आता बारीक वाटते. अशा बारला २.५ मिमी टेप बहुतेकांना जमते. लिझार्ड स्किन्स कंपनीची डीएसपी ही टेप १.८, २.५ आणि ३.२ मिमीत मिळते. पंजा लहान असेल तर ३.२ घेऊ नका, ड्रॉपमध्ये, म्हणजे बारच्या खाली वळलेल्या भागावर, मूठ नीट मिटत नाही.

पण जाडीच्याही आधी बघायचं ते हे की टेप अखंड सुटते का. होज (ब्रेकच्या तेलाची नळी) हेडसेटमधून, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगच्या सांध्यातून, जात असेल तर वरचं बेअरिंग बदलताना बहुतेक वेळा होज ब्रेकच्या लिव्हरपासून सोडवावी लागते, आणि मग टेपही उलगडावी लागते. भरपूर गोंदाची स्वस्त फोम टेप अशा वेळी तुकड्या-तुकड्यांनी निघते आणि अर्धा फोम बारलाच चिकटून राहतो. म्हणून मागे सिलिकॉन किंवा जेलची पट्टी असलेली, गोंदाशिवाय पकड घेणारी टेप घ्यावी. ती पुन्हा गुंडाळता येते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर टेप मधूनमधून काढून बघायलाच हवी: घाम खाली झिरपतो, अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते आणि खड्डे पडतात.

गुंडाळायच्या आधी ब्लीडिंग (ब्रेकच्या तेलातली हवा काढणं) उरकून घ्या. लिव्हर जोरात दाबून धरा, जोडावर तेल दिसतं का पाहा, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून होज ताणली जात नाही ना तेही पाहा. ब्रेकच्या तेलाचा (मिनरल ऑइलचा) एक थेंब बारवर राहिला तरी टेप तिथे सरकणार. बार आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या लिव्हरच्या मागे, होज बारच्या भोकात शिरते तिथे. भोकावरून टेप थेट ओढली की ती आत दबते, अंगठ्याखाली खळगा लागतो आणि टेप तिथेच आधी फाटते. भोकावर आधी इन्सुलेशन टेपचा एक वेढा द्या, मग पाकिटात येणारा छोटा तुकडा लिव्हरच्या क्लॅम्पवर लावा. हुडाखाली, म्हणजे लिव्हरवरच्या रबरी आवरणाखाली, टेप फार आत सारू नका. वायरलेस गिअरच्या लिव्हरमध्ये बटण सेल असतो, तो बदलायला हुड उलटावा लागतो.

सुरुवात ड्रॉपच्या टोकापासून. अर्धी रुंदी बाहेर ठेवा, ती बारच्या टोकाला बसणाऱ्या प्लगने आत दाबली जाते. मागून पाहिलं तर उजवीकडे घड्याळाच्या दिशेने, डावीकडे उलट, कारण ड्रॉपमध्ये हात बाहेरच्या बाजूला पीळ देतो. प्रत्येक वेढा आधीच्यावर एक तृतीयांश ते निम्मा चढवा. वळणाच्या बाहेरच्या बाजूला जरा जास्त, नाहीतर तिथे फट पडते. गोल बारवर लिव्हरपाशी दिशा उलटवतात, म्हणजे वरच्या भागावर हात मागे ओढला तरी टेप घट्टच होते. चपट्या एअरो बारला टेप बहुधा वळणापाशीच संपते, त्यामुळे ती भानगड नाही आणि लांबीही उरते. उरलेला भाग कात्रीने तिरका कापा. कार्बन बारवर टेप ठेवून ब्लेड चालवू नका, चर पडते.