सर्व्हरवरच्या एक्सेलनं काढलेला घाम

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेलच्या कारखान्यात एक्स्पोर्टच्या पॅकिंग लिस्ट रात्री आपोआप निघतात. म्हणजे निघायला हव्यात. सॉफ्टवेअर करून देणाऱ्यांनी सर्व्हरवर चक्क एक्सेल टाकलेलं. एक सर्व्हिस, म्हणजे मागं गुपचूप चालणारा प्रोग्राम, रात्री ते उघडणार, आकडे भरणार, पीडीएफ काढणार. डेमोला झकास चाललं. चालणारच, तेव्हा त्यांचाच माणूस लॉगिन करून समोर बसला होता.

पुढं सकाळी यावं तर फोल्डर रिकामं. लॉग 'फाइल उघडत आहे' वर अडकलेला. टास्क मॅनेजरमध्ये एक्सेलच्या प्रोसेसची रांग, प्रत्येकीसमोर सीपीयू शून्य. एरर म्हणाल तर एक नाही. तेवढ्यात अण्णांचा फोन, "गाडी न्हावाशेव्याला निघायलीय, लिस्ट कुठाय?" मी त्या सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावला की ठरलेलं उत्तर: रिस्टार्ट करा. मग रॅम वाढवा. मग "आमच्याकडं तर चालतंय, सर." शेवटी त्यांनी रात्री बाराला सगळी एक्सेल मारून टाकणारी स्क्रिप्ट दिली. एक्सेल असं मधेच मारलं की पुढच्या वेळी उघडताना ते 'सेफ मोडमध्ये उघडू का?' असंही विचारू शकतं. म्हणजे अडकायला अजून एक जागा.

मग मी सर्व्हिस ज्या खात्यावर चालायची, त्याच खात्यानं सर्व्हरवर लॉगिन केलं आणि तीच फाइल हातानं उघडली. समोर चौकट: लिंक्स अपडेट करायच्या का? टेम्प्लेटमधल्या एका सेलची लिंक कधीच भंगारात गेलेल्या पीसीवरच्या रेटशीटला जोडलेली! विंडोज सर्व्हर 2008 पासून सर्व्हिसेस लॉगिन केलेल्या माणसापासून तोडलेल्या, सेशन 0 नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालतात, तिथं आपल्याला दिसणारा स्क्रीनच नाही. एक्सेल तिथं रात्रभर प्रश्न विचारत बसायचं आणि ओके दाबायला कोण? एक्सेलची डिस्प्ले-अलर्ट्स ही चौकटी दाखवायची सेटिंग बंद करा म्हणतात. करा, पण सगळ्याच चौकटी त्यानं थांबतील या भरवशावर राहू नका.

मायक्रोसॉफ्टनं स्वतःच लिहून ठेवलंय की माणूस समोर नसताना सर्व्हरवर ऑफिस असं चालवायची आम्ही शिफारस करत नाही, सपोर्टही देत नाही. ते अस्थिर होऊ शकतं, अडकून पडू शकतं. त्या पानाची प्रिंट मी मीटिंगमध्ये टेबलावर ठेवली. त्यानंतर रॅमचा विषय निघाला नाही.

आता एक्सेल काढून टाकलंय. एक्सेलची एक्सएलएसएक्स फाइल म्हणजे झिप केलेल्या एक्सएमएल फाइली, त्या लिहायला एक्सेल लागतच नाही. अशा फाइली लिहिणाऱ्या क्लोज्डएक्सएमएल या तयार कोडच्या लायब्ररीनं काम भागलं. जुन्या एक्सएलएस फाइली मात्र ती घेत नाही, त्या आधी बदलून घ्या. पीडीएफ लिब्रेऑफिस हेडलेसनं, म्हणजे खिडकी न उघडता चालवलेल्या लिब्रेऑफिसनं निघते. दोन कामं एकदम चालवणार असाल तर प्रत्येकाला वेगळं प्रोफाइल फोल्डर (लिब्रेऑफिस आपल्या सेटिंग ठेवतं ते) द्या, नाहीतर एक दुसऱ्याला अडवतं.

बदलाचं बिल त्यांनी 'नवीन सुविधा' म्हणून पाठवलं. अण्णांनी ते आल्या पावली परत धाडलं.

हां, एक राहिलंच. एक्सेल ठेवणं भागच असेल तर ऑटोमेशन सिक्युरिटीची सेटिंग आधी बघा. प्रोग्रामनं उघडलेल्या फाइलीतले मॅक्रो, म्हणजे फाइलीतच लपलेले छोटे प्रोग्राम, मूळ सेटिंगमध्ये चालू असतात, आणि बायरकडून मेलवर आलेली फाइल सर्व्हर रात्री कुणालाही न विचारता उघडतो.