सावकाश होऊ द्या

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात राहणारा मामेभाऊ म्हणाला, ‘‘आज सपर क्लबला जाऊ.’’ मी बॅगेतून इस्त्रीचा शर्ट काढला. क्लब म्हणजे सभासदत्व आणि दारात हटकणारा कुणीतरी, असं आपलं माझ्या डोक्यात. निघालो तर गाव मागे पडलं, मक्याची शेतं लागली आणि तळ्याकाठच्या एका बसक्या लाकडी घरापुढे गाडी थांबली. आत निम्मी मंडळी बेसबॉलच्या टोप्या घालून बसलेली. सभासद कुणीच नाही; नाव क्लब, पण हे साधं जेवणाचं हॉटेल. शर्ट फुकट गेला.

गावाबाहेर का, याचं उत्तर बरंचसं दारूबंदीत आहे. १९२० ते १९३३ अमेरिकेत दारूबंदी होती, आणि चोरून प्यायची तर आडरस्ता बरा. बंदी उठल्यावर अशा काही ठिकाणांनी जेवण आणि नाचगाणं जोडलं, आणि लोक बायकामुलांना घेऊन उघड उघड येऊ लागले.

इथे आल्या आल्या टेबल मिळत नाही. आधी बारपाशी बसायचं. ब्रँडी ओल्ड फॅशन्ड मागवायचं : पेल्याच्या तळाशी साखर, संत्र्याची फोड आणि चेरी ठेचतात, बिटर्स नावाच्या कडू अर्काचे थेंब, ब्रँडी आणि वर गोड सोडा. बाकीची अमेरिका यात व्हिस्की घालते. १८९३च्या शिकागोच्या प्रदर्शनात इथल्या जर्मनांना ब्रँडीची गोडी लागली, असं सांगतात. मला ही गोष्ट जरा जास्तच गोळीबंद वाटते. जेवणाची ऑर्डरही बारवरच घेतात. पानं मांडून झाली की मग बोलावणं येतं.

टेबलावर आधीच एक तबक होतं. लाल मुळे, गाजराचे तुकडे, सेलरीचे दांडे, काकडीचं लोणचं, चीज आणि खारी बिस्किटं. याला रेलिश ट्रे म्हणतात. मला मात्र ती सरळ ताटाची डावी बाजू वाटली. फक्त कुणी वाढेपर्यंत तिला हात लावायचा नाही, हा नियम इथे नाही.

शुक्रवार होता, म्हणजे तळलेले मासे. कॅथलिक लोक शुक्रवारी मांस टाळायचे, मासे मात्र चालायचे. वाराला काय चालतं याच्या पळवाटा आपल्याच घरी असतात असं नाही, हे पाहून बरं वाटलं. सोबत कोबीचं सॅलड आणि राय ब्रेड.

अडीच तास झाले तरी बिल आलं नाही. पुण्यात एका हॉटेलात रविवारी माझ्या खुर्चीमागे एक कुटुंब उभं होतं. त्यातल्या काकू माझ्या शेवटच्या पुरीकडे बघत होत्या. ती पुरी मी न चावताच गिळली होती. इथे आजीच्या वयाची वाढपीण येऊन विचारून गेली, आइस्क्रीम घालून घुसळलेलं, पुदिन्याच्या चवीचं हिरवं ग्रासहॉपर घेणार का? घाई नाही म्हणाली.

पलीकडच्या टेबलावरचे आजोबा अजून त्यांच्या पहिल्याच मुळ्याला मीठ लावत होते.