तुम्ही विचारलंत म्हणून: निमॅटोड, म्हणजे मातीतले बारीक सूत्रकृमी, विकत कशाला आणता?

मंगळवेढ्याचे एक काका रोपं न्यायला आले होते. पिशव्यांत झारीनं काय घालताय, म्हणाले. निमॅटोड म्हटल्याबरोबर हातातलं रोप त्यांनी खाली ठेवलं. "अहो ताई, त्यानंच आमची डाळिंबाची बाग गेली. तुम्ही पैसे देऊन आणता?"

सोलापुरात नर्सरी चालवायची म्हणजे हा प्रश्न येणारच. काकांची भीती खरी आहे. डाळिंबाच्या मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी तोंडातल्या सुईनं मुळाचा रस ओढतात, आणि नर्सरीच्या मातीतूनच नव्या बागेत जातात. म्हणून रोप घेताना एक पिशवी फोडून मुळं बघाच. माझ्याकडचीही.

मी घालते ते निमॅटोड वेगळ्या जातीचे, हेटरोऱ्हॅब्डायटिस इंडिका. कोइमतूरकडच्या मातीत सापडलेले, १९९२ साली नाव मिळालेले. मुळात खुपसायची ती सुई यांना नसते. यांना हवी असते हुमणी, म्हणजे मातीत राहून मुळं खाणारी अळी. तिच्या तोंडातून, श्वासाच्या छिद्रांतून ते आत शिरतात आणि आपल्या पोटातले जिवाणू तिच्या अंगात सोडतात. एकदोन दिवसांत अळी मरते, विटकरी लाल पडते. पुढं दोनेक आठवड्यांत त्याच अळीतून हजारो नवे बाहेर पडून मातीत दुसरी हुमणी शोधायला लागतात. रोपाला, गांडुळाला, पाणी घालणाऱ्या बायकांच्या हातांना काही होत नाही. मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण पूर्वी त्याच हातांनी आम्ही पिशव्यांत विषारी दाणेदार औषध टाकत होतो.

हुमणी पिशवीत येते बहुतेक कच्च्या शेणखतातून. वळवाचा पाऊस पडला की संध्याकाळी कडुलिंबावर हुमणीचे भुंगेरे जमतात. तेव्हाच झाड हलवून ते गोळा केले तर पुढचं निम्मं काम वाचतं.

आपल्याकडं खरी अडचण उन्हाची. पहिल्या वर्षी मी एप्रिलात, भर दुपारी निमॅटोड घातले. सगळे वाया गेले. ऊन आणि कोरडी माती त्यांना सोसतच नाही. आता पुडी सावलीत, गारव्याला ठेवते. पाण्यात कालवल्यावर एक थेंब भिंगाखाली बघते, वळवळ दिसली तरच पुढं जाते. दिवस मावळताना आधी पिशव्या भिजवते, मग ओतते, आणि आठवडाभर ओल तुटू देत नाही. पाण्यात गाळ तळाशी बसतो तसे तेही बसतात, म्हणून झारी सारखी ढवळायची.

आणि काका, तुमच्या बागेत गाठींवरचं औषध सोडणार असाल, तर त्याच मातीत हे घालू नका. ते औषध यांनाही मारतं.