४७व्या बारातली मींड

११ मिनिटांची रचना आणि तालमीत तिच्या वाट्याला २५ मिनिटं. नव्या संगीताला यापेक्षा जास्त वेळ क्वचितच मिळतो. मी रिकाम्या सभागृहात स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांची एकत्र स्वरलिपी, मांडीवर घेऊन बसले होते. परक्या देशात येऊन ९ वर्षं झाली होती आणि पूर्ण ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेलं माझं काही पहिल्यांदाच वाजणार होतं.

उशीर झाला खरा. तरुण संगीतकारांच्या कितीतरी स्पर्धांना तिशी-पस्तिशीची वयोमर्यादा असते. मी देश बदलला तेव्हाच ३४ वर्षांची होते. पुढची वर्षं शिकवण्यांत, दुसऱ्यांच्या रचनांचे पार्ट, म्हणजे एकेका वाद्यासाठीची वेगळी पानं, तयार करण्यात आणि व्हिसाच्या कागदपत्रांत गेली.

४७व्या बारात, म्हणजे स्वरलिपीतल्या ४७व्या खंडात, १० व्हायोलांनी (व्हायोलिनपेक्षा थोडी मोठी, खालच्या सुराची वाद्यं) खालच्या स्वरावरून वरच्या स्वरावर जायचं होतं. माझ्या कानात होती मींड, एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाणं. कागदावर मात्र मी दोन स्वरांमध्ये सरळ रेघ ओढली होती, ग्लिसांडोची, म्हणजे पाश्चात्त्य संगीतातल्या स्वर सरकवण्याची, नेहमीची खूण. वादकांनी ती रेघ तंतोतंत वाजवली, पहिल्या क्षणापासून एकसारख्या वेगाने वर. भोंगा वाजल्यासारखं झालं. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. माझी मींड आधीच्या स्वरावर रेंगाळते, उशिरा निघते, वाटेत एका स्वराला निसटता स्पर्श करते आणि पोचता पोचता मंदावते. त्या रेघेत यातलं काय होतं?

कंडक्टर मागे वळून म्हणाले, "गाऊन दाखवा."

इतकी वर्षं मी इथे उच्चार सांभाळत, वाक्यं मनात जुळवून बोलत आले होते. गळा कुणासमोर उघडलाच नव्हता. उभी राहिले, गायले. आवाज थरथरला. पुन्हा गायले. तोवर पहिल्या डेस्कवरच्या व्हायोलावादक बाईंनी पेन्सिल उचलली होती. पुढच्या वेळी १० व्हायोला त्या स्वरावर थांबले, थांबूनच राहिले, आणि मग निघाले. मी पान उलटायचं विसरले.

१९४० साली हंगेरी सोडून अमेरिकेत गेलेले संगीतकार बेला बार्टोक तिथे कोलंबिया विद्यापीठात सर्बो-क्रोएशियन लोकगीतांची ध्वनिमुद्रणं ऐकून स्वरलिपी लिहीत बसत. गाणाऱ्याच्या गळ्यातली बारीकसारीक हरकतसुद्धा ते मुख्य स्वरांभोवती छोटे स्वर मांडून टिपत. विद्यार्थिदशेत ती पानं मी किचकट म्हणून बाजूला ठेवली होती. त्या दिवशी तालीम संपल्यावर मला तीच आठवत होती. गळ्यातलं कागदावर आणायला एवढे कष्ट पडतातच, आणि मी ते एका रेघेवर उरकले होते.

दुरुस्तीसाठी व्हायोलांचे पार्ट मागून घेतले. दोघांत एक, असे पाच. पाचही पार्टांत माझी रेघ खोडलेली होती. पहिल्या डेस्कच्या पार्टात तिच्या जागी तीन ठिपके होते आणि वर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'अजून नाही'.

रात्री बसून मी तो बार बारीक स्वरांनिशी नव्याने लिहिला. ते दोन शब्द तसेच ठेवले, छापील अक्षरांत.