रॉक स्लायडर लावू की नको? गाडीच्या पोटाला रेड ऑक्साइड फासून केलेली स्पितीवारी

मंडळी, सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात पुणे–स्पिती–मनाली–पुणे करून आलो. फोटो सगळ्यांनीच बघितलेत, त्यामुळे तिथल्या ‘की’ नावाच्या मॉनेस्ट्रीचं वर्णन वगैरे करत बसत नाही. निघायच्या आधी दोन महिने माझ्या डोक्यात एकच भुंगा होता, माझ्या मारुती जिम्नीला रॉक स्लायडर लावून जावं की तसंच जावं, आणि त्याचं जे उत्तर मिळालं ते इथे लिहितोय म्हणजे पुढच्या वर्षी जाणाऱ्यांचे पैसे तरी वाचतील, निदान योग्य जागी तरी जातील.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. रॉक स्लायडर म्हणजे पाय ठेवून चढायची फूटस्टेप नव्हे. फूटस्टेप बहुतेक वेळा पातळ ब्रॅकेटवर लटकलेली असते, माणसाचं वजन घेते, गाडीचं नाही. स्लायडर म्हणजे चेसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, बसवलेला जाड भिंतीचा पाइप, दगडावर गाडी टेकली तर अख्ख्या बाजूचं वजन त्यानं घ्यायचं आणि गाडी त्यावरून घसरत पुढे जायची, दाराखालचा सिल वाचवायचा. दिसायला दोन्ही सारखंच, आणि बाजारात विकतानाही दोन्हीला एकच नाव लावतात, तिथेच घोळ होतो.

जिम्नीत हा प्रश्न जास्त येतो कारण आपल्याकडे मिळते ती पाच दारांची. परदेशातल्या तीन दारांच्या गाडीचा व्हीलबेस २२५० मिमी आणि आपला २५९०, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांच्या मधलं पोट सरळ ३४० मिमीनं लांब. ग्राउंड क्लिअरन्स २१० तोच आहे, पण उंचवट्यावरून जाताना मधे टेकायचा कोन, ज्याला रॅम्पओव्हर म्हणतात, तो २८ वरून २४ अंशावर येतो. आपली पुढची चाकं दगडावरून उतरली की आपण मनात म्हणतो सुटलो, आणि मग मधूनच कर्रर्र.

तर पुण्यातल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो, त्यानं आकडा सांगितला तो ऐकून बायको म्हणाली, "एवढ्यात आपली दोघांची परत एक ट्रिप होते." दुसरं म्हणजे त्याच्याकडे तयार जोडी होती ती शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवली, ४४ किलो! जिम्नीचं स्वतःचं वजन १२०० किलोच्या आसपास आणि ग्रॉस, म्हणजे भरलेल्या गाडीचं कमाल वजन, १५४५, म्हणजे माणसं सामान पेट्रोलचा कॅन सगळं मिळून साडेतीनशेच्या आत बसवायचं. माझ्या गाडीत आम्ही चार जण. चार माणसांचेच पावणेतीनशे होतात हो, त्यात आमच्यातला एक जण तर एकटाच शंभरीला टेकलेला (तो हे वाचतोय, नमस्कार). ४४ किलो लोखंड घ्यायचं तर बॅगा कमी करा.

शेवटी ठरलं की न लावता जायचं, पण नक्की कुठे घासतं ते कळलं पाहिजे. म्हणून डबाभर रेड ऑक्साइड आणला, तोच ग्रिल-गेटला मारतात तो लाल प्रायमर, आणि गाडीखाली झोपून दोन्ही बाजूच्या सिलची खालची कड, ट्रान्सफर केसखालचा (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) क्रॉसमेंबर म्हणजे आडवा दांडा, मागच्या ट्रेलिंग आर्मचे (ॲक्सलला धरून ठेवणारे दांडे) ब्रॅकेट, दोन्ही डिफरन्शियलचे भोपळे म्हणजे ॲक्सलवरच्या गोल पेट्या, सगळ्याला फासला. एक्झॉस्ट सोडून, नाहीतर धूर निघतो. आईनं विचारलं गाडीला काय दृष्ट काढतोयस का. पण ही आयडिया मी कुणालाही सांगेन, खर्च काहीच नाही आणि परत आल्यावर कुठून रंग गेला ते स्वच्छ दिसतं.

जाताना फार काही सांगण्यासारखं नाही. पुणे ते चंदीगड साधारण १७०० किलोमीटर नुसता हायवे, मग नारकंडा, कल्पा, नाको, ताबो, काझा. शिमल्याकडूनच वर जा, मनालीकडून नको, किन्नौरमधून उंची हळूहळू वाढते, डोकं धरत नाही. खाबला सतलज-स्पितीचा संगम आणि त्यानंतरची ‘का लूप्स’ नावाची घाटातली वळणं मस्त डांबरी, मलिंग नाल्यात तेवढं थोडं पाणी होतं. काझ्यापर्यंत रेड ऑक्साइडला एक ओरखडा नाही! साधी हॅचबॅकवाली मंडळी पण आरामात पोचलेली होती, तेव्हा काझ्यापर्यंतच जाणार असाल तर स्लायडरचा विचारही करू नका. काझ्यात दोन रात्री काढा आणि टाकी फुल करा, पुढे मनालीपर्यंत पेट्रोलच्या भरवशावर राहू नका.

खरा खेळ लोसरच्या पुढे. आम्ही काझ्याहून किब्बर, चिचम पूल असं करत लोसरला गेलो आणि मग कुंझुम खिंड. कुंझुमला देवीच्या देवळाला गाडीनं प्रदक्षिणा घालायची पद्धत आहे, आम्हीपण घातली, आमच्याबरोबर थार घेऊन आलेल्या मित्रानं तर दोन घातल्या. तरी व्हायचं ते झालंच, पुढे सांगतो.

कुंझुम उतरून चंद्रतालचा फाटा, तिथून आत अरुंद एकेरी रस्ता, समोरून टेम्पो ट्रॅव्हलर आली की कुणीतरी मागे घ्यायची. दगड आहेत पण बसलेले आहेत, सावकाश गेलं की काही होत नाही. तळ्याच्या काठावर तंबू टाकायला बंदी आहे, कॅम्प बरेच अलीकडे आहेत, तिथे राहिलो, रात्री पाण्याची बाटली गोठली. सकाळी सातला निघालो कारण बाताल–छत्रू–ग्राम्फू हे साधारण ५० किलोमीटर म्हणजे नाल्यांचा पट्टा, ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो आणि सकाळी पोटरीएवढं असलेलं पाणी दुपारी मांडीला लागतं. ही गोष्ट सगळे सांगतात आणि तरी निम्मे लोक आरामात पराठे खाऊन दहाला निघतात.

बाताल सोडल्यावर टायर २२ पीएसआयवर आणले, फोर-लो (चारही चाकांना कमी वेगात जास्त ताकद देणारा गिअर) टाकलं. छत्रूच्या अलीकडे एका नाल्यात गोल गोल बोल्डर, डोक्याएवढे, काही त्याहून मोठे. थार पुढे होती. मित्राच्या गाडीचा क्लिअरन्स २२६, माझ्यापेक्षा जास्तच, पण त्यानं घरच्यांना चढायला बरं पडावं म्हणून बाहेरून फूटस्टेप लावून घेतलेल्या, त्या खाली लटकतायत ते आम्ही कुणी हिशोबातच धरलं नव्हतं. डावं पुढचं चाक बोल्डरवर चढलं, उतरलं, आणि फूटस्टेप बरोब्बर त्या बोल्डरवर बसली. ब्रॅकेट वाकलं, पाइप वर येऊन दाराच्या खालच्या कडेत घुसला आणि डावं दार उघडेना! वहिनी आत, बाहेर गुडघाभर बर्फाचं पाणी, ड्रायव्हरच्या बाजूनं त्यांना काढायचं तर मधे गिअरचा दांडा. पलीकडे गाडी काढून जॅक लावून पाइप खाली दाबला तेव्हा दार सुटलं, पाऊण तास गेला. फूटस्टेप नसती तर तो बोल्डर थारच्या सिलला शिवलासुद्धा नसता असं माझं ठाम मत आहे, मित्राला अजून मान्य नाही.

मग माझी पाळी. त्याचं बघून मी शहाणा, उजवीकडून लाइन घेतली, बायको उतरून पुढे दगडावर उभी, हातानं सांगतेय. अर्ध्यात आलो आणि डाव्या मागच्या चाकाखालचा बोल्डर गरकन फिरला, गाडी जागच्या जागी एक वीत डावीकडे सरकली आणि खाली बसली. आवाज असा आला की पोटात खड्डा. बायको ओरडली, "थांब, थांब, हलू नकोस!" सिल दगडावर टेकलेला. मागून येणाऱ्या पिकअपचा ड्रायव्हर उतरला, खाली बघितलं, दोन चपटे दगड आणून चाकाखाली सारले आणि म्हणाला, "अब आराम से, रेस मत देना." निघाली.

सिलच्या खालच्या कडेला वीतभर पोचा. दार उघडतं, लागतं, पण ती कड आतल्या बाजूला वळलीय.

इथे एक लक्षात आलं. दोन्ही गाड्यांना डावीकडेच लागलं. आपण उजवीकडे बसतो, उजवं चाक कुठे आहे ते खिडकीतून मान काढून दिसतं, डावीकडचं सगळं अंदाजपंचे. त्यामुळे खाली उतरून सांगणारा माणूस डाव्या बाजूला दिसेल असा उभा करा, आमच्यासारखा समोर मधोमध नको, मधून त्याला सिल दिसतच नाही.

मनालीला रॅम्पवर गाडी चढवून पोट बघितलं. उजवा सिल, रेड ऑक्साइड जसाच्या तसा. डावा सिल, एकच जागा. मागच्या ट्रेलिंग आर्मचे ब्रॅकेट मात्र दोन्ही बाजूनं पांढरे, रंग नावाला शिल्लक नाही. मागच्या भोपळ्यावर दोन ओरखडे, ट्रान्सफर केसखालच्या क्रॉसमेंबरवर एक लांबलचक रेघ जी कधी लागली ते आम्हाला कळलंसुद्धा नाही. म्हणजे स्पितीत गाडी मार खाते ती मधे आणि मागे, कडेला क्वचित. आणि भोपळ्याचं म्हणाल तर तो ॲक्सलवरच आहे, लिफ्ट किट (सस्पेन्शन उंच करणारं) घालून सिल वर जातो, भोपळा तिथेच राहतो, त्याला उंच करायचं तर टायरच मोठा पाहिजे.

म्हणून फक्त स्पिती, झांस्कर असं टुरिंग करणाऱ्यांना माझं सांगणं, आधी चांगले एटी (ऑल-टेरेन) टायर, मग ट्रान्सफर केसखाली स्किड प्लेट म्हणजे जाड संरक्षक पत्रा, एक टायर इन्फ्लेटर. स्लायडर यादीत शेवटी. आणि फूटस्टेप असेल तर निघायच्या आदल्या दिवशी काढून घरी ठेवा, चार बोल्टचं काम आहे.

मी स्वतः मात्र लावले. हसू नका, कारण वेगळं आहे. आम्ही पावसाळ्यात मुळशीकडे ओळखीच्यांच्या खासगी जागेत गाड्या घेऊन जातो, तिथे कातळावर लाल चिखल, गाडी पुढे जायच्या ऐवजी आडवी घसरते आणि बाजूनं दगडाला जाऊन भिडते. स्लायडरचं खरं काम ते आहे. नाल्यातला तो बोल्डर फिरला तेव्हा जे झालं ते तिथे दर अर्ध्या तासाला होतं.

करून घेणाऱ्यांनी बघायच्या गोष्टी. बोल्ट-ऑनच घ्या, चेसिसला वेल्डिंग नको, नवीन भोकं तर अजिबात नको, गाडी वॉरंटीत असेल तर मग विचारायलाच नको. बॉडीला कुठेही टेकता कामा नये, कारण जिम्नीची बॉडी चेसिसवर रबरी बुशवर बसलेली असते, हलते, मधे बोटभर फट ठेवा नाहीतर खडखड वाजत राहील. पाइप सिलच्या जवळ, चेसिसच्या खाली लोंबकळणारा नको, नाहीतर आधीच कमी असलेला २४ अंश आणखी कमी. मागच्या चाकापाशी थोडा बाहेर वळवून घेतला तर दगडापासून मागचा भाग आपोआप बाहेर ढकलला जातो. बसवून झाल्यावर तिथल्या तिथे स्लायडरखाली जॅक लावून अख्खी बाजू उचलून दाखवायला सांगा. माझ्या पहिल्या फॅब्रिकेशनवाल्यानं याला नकार दिला, मी दुसरीकडे गेलो. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये मूळ गाडीत फेरफार करण्यावर बंधनं आहेत, तेव्हा आरटीओ आणि इन्शुरन्सवाल्यांना आधी विचारून घ्या, क्लेमच्या वेळी वाद नको.

माझे नवे जरा हलके निघाले, जोडी ३६ किलो. त्याच्या बदल्यात मागचं सबवूफर काढलं, त्यावरून घरात अजून बोलणं चालूच आहे. डाव्या सिलचा पोचा तसाच ठेवलाय, स्लायडरमुळे आता दिसत नाही. काळा पावडर कोट करून देतो म्हणाला होता, मी म्हटलं नको, नुसता रेड ऑक्साइड मार. जुलैत मुळशीला जाऊन आलो की कुठे कुठे गेलाय ते बघून सांगतो.