साडेपाच मिलीचा मास्टर

मागच्या पावसाळ्याच्या आधीची गोष्ट. मुंबईत शिवडीला माझं छोटं गॅरेज आहे, जुन्या गाड्या करतो. तेव्हा एका डॉक्टरांची सीजे थ्री बी जीप उघडून बसली होती, उंच बॉनेटवाली महिंद्रा, त्यांच्या वडिलांची. डॉक्टर एका सकाळी हातात डबा घेऊन आले, पेढ्यांचा असावा म्हणून गॅरेजमधला पोरगा लगेच हात पुसून आला तर आतून निघाला मास्टर सिलिंडर, पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलतो तो भाग. अॅल्युमिनियमचा, पॉलिश केलेला, मुठीत मावेल एवढा, वर काळ्या झाकणाची टुमदार टाकी. दिसायला खरंच देखणा, खोटं कशाला बोलू.

आता या जीपला मूळचा मास्टर फ्लोअरच्या खाली, चॅसिसला असतो. ऑइल घालायचं तर पायाखालची झाकणी उघडा. आणि दादरच्या हिंदमाताला पाणी भरलं की तो पाण्यातच, झाकणातून ओल आत जाते, बोअर म्हणजे आतलं गोल भोक गंजतं, मग पिस्टनचं रबर कापलं जातं. डॉक्टरांचा जुना मास्टर मी खोलला तेव्हा आतून चहाच्या रंगाचं पाणी निघालं होतं. म्हणून ठरलं की मास्टर वर फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला घ्यायचा, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या स्पेअरच्या बाजारातून लटकतं पेडल आणलेलं, पण कार्ब्युरेटर आणि स्टिअरिंगमध्ये जागा इतकीशी की छोटाच मास्टर हवा. "अहो हा बघा, बॉनेट उघडलं की शोभून दिसेल," डॉक्टर म्हणाले. मी मापाचा व्हर्निअर लावला, बोअर ५/८ इंच. जुना १ इंचाचा. मनात आलं होतं तेव्हाच, पण जागा बरोब्बर बसत होती आणि आमच्यात एक खुळी समजूत असते की बोअर बारीक तर ब्रेक हलका लागतो. ते खरंच आहे, पण अर्धंच.

बसवला, ब्रेकच्या लाइनमधली एअर काढली, पेडल कडक. डॉक्टर शेजारी बसले आणि मी जीप गल्लीत काढली, वेग असेल पंधरा-वीस. पुढे पाण्याचा टँकर रिव्हर्स घेत होता. ब्रेक मारला तर पेडल सरळ जमिनीला. दुसऱ्यांदा मारला तेव्हा अर्ध्यात धरलं, पण तोवर मी हँडब्रेक खेचलेला होता. या जीपचा हँडब्रेक चाकांना नसतो, मागे प्रोपेलर शाफ्टवर असतो, त्यामुळे अख्खी गाडी असा हिसका देते की डॉक्टरांचा चष्मा डॅशबोर्डवर. टँकरवाला शिव्या देऊन गेला. डॉक्टर काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

परत आल्यावर आधी ब्रेक शू आणि ड्रममधला गॅप बघितला, तो कमी करायचे सगळे अॅडजस्टर पुन्हा आवळले, तरी तेच. मग लक्षात आलं की गॅरेजमध्ये कडक का वाटत होतं, पोरगा सवयीने तीन पंप मारूनच पेडल धरायचा! एका दाबात किती ऑइल जातं ते कोणी बघितलंच नव्हतं. केमिस्टकडून १० मिलीची सिरिंज मागवली, मास्टर व्हाइसमध्ये धरला, पूर्ण एक स्ट्रोक दाबून बाहेर आलेलं ऑइल काचेच्या ग्लासात घेतलं, सिरिंजमध्ये ओढलं. साडेपाच मिली. जुना, गंजका असला तरी, पंधराच्या आसपास. डॉक्टर स्वतः सिरिंज डोळ्यासमोर धरून बघत होते, हवेचा बुडबुडा टिचकीने वर सारला, सवय. म्हणाले, "डोसच कमी पडतोय की हो."

तसंच होतं. या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक, आत शू ढकलणारे व्हील सिलिंडर, पुढचे १ इंची, मागचे ३/४, प्रत्येकात दोन म्हणजे मिळून आठ पिस्टन. प्रत्येकी नुसते २ मिमी सरकायचे तरी सहा मिलीच्या वर लागतं, त्यात रबरी होज फुगतात ते वेगळं. ५/८ चा बहुधा क्लचसाठी बनवलेला असणार, दुकानदाराने 'ब्रेक-क्लच दोन्हीला चालतो' सांगून दिला.

पुढचे दोन दिवस ऑपेरा हाऊसच्या स्पेअरच्या दुकानांच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. डॉक्टरांच्या मुलाचं म्हणणं होतं टँडम घ्या, दोन सर्किट, एक लाइन फुटली तरी दुसरी चालते. बरोबरच म्हणत होता, पण मिळाले ते सगळे लांबुडके, स्टिअरिंग कॉलमला टेकत होते. ते नाही जमलं याची चुटपुट मला अजून आहे. शेवटी १ इंच बोअरचा सिंगल मिळाला, ठेंगणा, टाकी वेगळी आणि नळीने जोडलेली, म्हणून जागेत बसला. ड्रमसाठी लाइनमध्ये १० पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह टाकला, तो लाइनमध्ये थोडा दाब टिकवतो, नाहीतर पेडल सोडल्यावर व्हील सिलिंडरचे रबरी कप ढिले पडून हवा ओढतात. पेडलपासून मास्टरचा पिस्टन ढकलणाऱ्या पुशरॉडला १ मिमीचा मोकळेपणा ठेवला, तो नसेल तर गाडी गरम झाल्यावर ब्रेक आपोआप धरून बसतो. पेडलच्या खिळीपासून पायापर्यंत १२ इंच आणि पुशरॉडपर्यंत २ इंच, म्हणजे पायाचा जोर सहापट, जोर वाढवणारा बूस्टर नसताना एवढं हवंच.

यावेळी पोराला दटावून सांगितलं, एकच दाब, पंप नाही. अर्ध्याच्या वरच धरलं. मग शिवडीपासून वडाळ्यापर्यंत आणि परत, डॉक्टर स्वतः चालवत. हां, एक गाढवपणा झालाच, टाकी भरताना ब्रेक ऑइल नव्या ऑलिव्ह ग्रीन रंगावर सांडलं आणि पाणी मारेपर्यंत नखाएवढा रंग सुटला, तो पॅच मी माझ्या खर्चाने करून दिला.

तो देखणा मास्टर डॉक्टरांनी परत केला नाही. क्लिनिकच्या टेबलावर ठेवलाय, त्याच्या टाकीत पेन उभी केलेली असतात.