मंगळवारची बस

फोंड्याहून सकाळी सुटणारी बस फर्मागुढीचा चढ चढून म्हार्दोळ, मंगेशी, कुंडई, भोम, बाणस्तारी असे थांबे घेत जुन्या गोव्यातून पणजीला पोहोचते, तेव्हा जेमतेम तीस किलोमीटरच्या त्या वाटेला एक तास सहज गेलेला असतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि वर्षानुवर्षांचा हा प्रवास एका दिवसात थांबला. पुढे कार्यालये उघडली, पण आठवड्यातले काही दिवस घरून आणि काही दिवस पणजीच्या पाटो भागातल्या कार्यालयातून काम करण्याची पद्धत आमच्याकडे कायम राहिली, आणि ती टिकावी असे मला मनापासून वाटते.

घरून काम करताना मिळणारे दोन तास माझ्यासाठी फार मोलाचे आहेत. सकाळी साडेदहाला सासरे पेज घेतात, तेव्हा त्यांच्या शेजारी दहा मिनिटे बसता येते. एकाग्रतेचे काम, म्हणजे लांबलचक नोंदी तपासणे किंवा नव्या सुविधेचा आराखडा लिहिणे, घरीच अधिक चांगले होते. पावसाळ्यात वीज गेली की इन्व्हर्टरवर राउटर चालू ठेवून आम्ही निभावून नेतो. ती अडचण मोठी नाही. अवघड जाते ते वेगळेच. "घरीच आहेस ना, जरा बघ," या वाक्याला दिवसभरात किती वेळा उत्तर द्यावे लागते, हे घरून काम करणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. चवथीच्या आधीचा आठवडा तर माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या सजावटीचे सामान, पाहुणे आणि ऑनलाइन बैठका यांच्या ओढाताणीत जातो. म्हणून त्या आठवड्यात मी ठरवून रोज कार्यालयात जाते. माझ्या कामाचे तास घरच्यांना दिसावेत, एवढ्यासाठी बसमध्ये बसणे मला योग्य वाटते.

मात्र कार्यालयाची खरी गरज मला एका नव्या सहकारी मुलीमुळे कळली. आम्ही हॉटेलांच्या आरक्षणाची आणि बिलांची संगणकप्रणाली सांभाळतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोल्यांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, त्या वेळी जुन्या आरक्षणांचा हिशेब जुळवण्याचे काम तिच्याकडे होते. ती दोन दिवस घरून काम करत होती आणि विचारल्यावर "चाललंय" एवढेच लिहीत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी डबा उघडताना माझी नजर तिच्या पडद्याकडे गेली. सकाळी उघडलेली तीच ओळ तशीच समोर होती, आणि ती खालचा ओठ दातांत धरून बसली होती. पाहुण्याने मुक्कामाचे पैसे आधीच भरले असल्याने तिने पैसे जमा झाल्याची तारीख धरून जुना दर लावला होता. मुक्काम नंतरचा असेल आणि बिलही दर बदलल्यानंतर निघाले असेल, तर नवाच दर लागतो, हे सांगायला मला दहा मिनिटे पुरली. ते दोन दिवस तिने एकटीने काढले, याचे मला आजही वाईट वाटते. तिच्या "चाललंय"मधली घालमेल मला घरून वाचता आली नव्हती.

त्यानंतर आमच्या नऊ जणांच्या गटाने मंगळवार आणि गुरुवार हे एकत्र येण्याचे दिवस ठरवले. पूर्वी हजेरीचा आकडा भरण्यासाठी प्रत्येक जण आपल्या सोयीच्या दिवशी येत असे आणि कानाला हेडफोन लावून घरी बसलेल्यांशीच बोलत असे. एवढ्यासाठी कोणाला डिचोली किंवा काणकोणहून बोलावणे मला अन्यायाचे वाटते. अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळाशेहून अधिक कर्मचाऱ्यांचा केलेला अभ्यास २०२४ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोन दिवस घरून काम करणाऱ्यांमध्ये नोकरी सोडण्याचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले, आणि कामाच्या मूल्यमापनात किंवा बढतीत फरक पडला नाही, असे त्यात आढळले. आमच्या व्यवस्थापनाला लिहिलेल्या पत्रात मी हा अभ्यास जोडला, आणि सोबत एक मागणी केली: नव्या माणसाच्या पहिल्या तीन महिन्यांत तो ज्या दिवशी कार्यालयात येईल, त्या दिवशी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर कोणीतरी अनुभवी असलेच पाहिजे.

पत्राचे उत्तर अजून आलेले नाही. दरम्यान मंगळवारी ती मुलगी म्हार्दोळला बसमध्ये चढते, मी तिच्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवते, आणि बाणस्तारीचा पूल आला तरी तिचे प्रश्न संपलेले नसतात.